उजवा कोणाचा? आठ देशांच्या झेंड्यांबरोबर तिरंगा लावताना

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात घडलेलं हे प्रकरण. गाव, वर्ष आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. घटना जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

त्या वर्षी महाविद्यालयात आठ देशांतले विद्यार्थी शिकत होते: भूतान, इथिओपिया, केनिया, नेपाळ, श्रीलंका, टांझानिया, येमेन आणि झांबिया. त्यांच्या पुढाकाराने चार दिवसांचं संमेलन ठरलं. संख्येने ही मुलं थोडी होती, पण वसतिगृहात वर्षानुवर्षं राहिलेली, मराठी बऱ्यापैकी समजणारी. त्यांची एकच ठाम मागणी होती, संमेलनाचे चारही दिवस आमच्या देशाचा झेंडा मैदानावर फडकावा. प्राचार्य मॅडमनी ती लगेच मान्य केली.

झेंड्यांचं काम माझ्याकडे आलं. सोबतीला एनसीसीचे अधिकारी सर आणि मैदानाची देखभाल करणारे मामा. महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीसमोर बारा मीटरचा कायमचा ध्वजस्तंभ आहे. तिथे रोज तिरंगा चढवण्याचं आणि उतरवण्याचं काम मामा कित्येक वर्षं करत आले आहेत. त्यामुळे आम्हा तिघांनाही वाटत होतं की झेंड्याचं आपल्याला सगळं कळतं. एकट्या तिरंग्याचं कळतही होतं. पण तो इतर झेंड्यांच्या रांगेत आला की प्रश्नच वेगळे होतात, हे त्या आठवड्यात उमगलं.

अडचण

मैदान आणि प्रवेशद्वाराकडून येणारा रस्ता यांच्या मधल्या पट्टीवर दहा खांब रोवायचे ठरले. आठ पाहुण्या देशांचे आठ, एक तिरंग्याचा आणि एक महाविद्यालयाच्या स्वतःच्या झेंड्याचा. नऊ खांब सहा मीटरचे नवे आणले. महाविद्यालयाच्या झेंड्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी पूर्वी भेट दिलेला सात मीटरचा खांब होता, तोच वापरला. कंत्राटदाराला मी कागदावर लिहून दिलं होतं, 'तिरंगा उजवीकडे, टोकाला.'

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी खांब रोवून झाले, त्यांवर देशांच्या नावांच्या पाट्या लागल्या. संध्याकाळी आम्ही पाहायला गेलो. एनसीसीचे सर मैदानातून रांगेकडे बघत बराच वेळ गप्प उभे होते. मग ते चालत रांगेच्या मधोमध गेले, पाठ झेंड्यांकडे आणि तोंड मैदानाकडे करून उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात सरळ बाजूला केला. हाताच्या दिशेला, रांगेच्या अगदी टोकाला, महाविद्यालयाचा झेंडा होता. तिरंगा त्यांच्या डाव्या हाताला, दुसऱ्या टोकाला.

कंत्राटदाराने कागद बरोबरच वाचला होता. मैदानात उभं राहून बघणाऱ्याच्या उजवीकडे त्याने तिरंगा लावला होता. चूक माझ्या कागदात होती. 'उजवीकडे' म्हणजे कोणाच्या उजवीकडे, हे मी लिहिलंच नव्हतं.

भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. इतर देशांच्या ध्वजांसोबत सरळ रांगेत लावताना राष्ट्रध्वज अगदी उजवीकडे असावा, असं ती सांगते आणि पुढे हा उजवा कोणता तेही समजावते: रांगेच्या मध्यभागी, समोरच्या लोकांकडे तोंड करून कोणी उभं राहिलं, तर राष्ट्रध्वज त्याच्या उजव्या टोकाला यायला हवा. म्हणजे समोर बसलेल्या माणसाला तो डाव्या टोकाला दिसतो. व्यासपीठावरही हेच, वक्ता श्रोत्यांकडे तोंड करून उभा असतो तेव्हा त्याच्या उजव्या हाताला. तिरंगा भिंतीवर उभा लावला तर केशरी पट्टा ध्वजाच्या उजवीकडे, बघणाऱ्याच्या डावीकडे. मला हे सगळं एकाच चित्राने पक्कं झालं. झेंडा म्हणजे आपल्याकडे तोंड करून उभं असलेलं माणूस, आणि उजवा हात त्याचा. बघणाऱ्याचा नव्हे.

आमच्या रांगेत मात्र मानाच्या जागी महाविद्यालयाचा झेंडा होता, तोही सर्वांपेक्षा एक मीटर उंच.

तेवढ्यावर थांबलं नाही. पाट्यांकडे नीट पाहिल्यावर क्रमही चुकलेला दिसला. रांग अशी होती: इथिओपिया, केनिया, झांबिया, टांझानिया, नेपाळ, भूतान, येमेन, श्रीलंका. कार्यालयातल्या ताईंनी यादी मराठी वर्णमालेप्रमाणे लावली होती आणि त्या हिशेबाने ती अचूक होती. पण संहितेनुसार तिरंग्यापासून पुढे देशांच्या इंग्रजी नावांचा वर्णक्रम धरायचा असतो. मग क्रम होतो भूतान, इथिओपिया, केनिया, नेपाळ, श्रीलंका, टांझानिया, येमेन, झांबिया. आठांपैकी सात पाट्यांची जागा बदलत होती; येमेन तेवढा दोन्हीकडे सातवा.

आणि तिसरी गोष्ट, जिचा मला खरा धक्का बसला. पुरवठादाराकडून आलेलं गाठोडं त्या रात्री आम्ही विद्यार्थ्यांसमोर उघडलं. इथिओपियाच्या मुलाने आपला झेंडा हातात घेतला आणि परत खाली ठेवला. हिरवा, पिवळा, लाल हे पट्टे बरोबर होते, पण मधली निळी चकती आणि तिच्यातला तारा नव्हता. ताऱ्याचं ते चिन्ह १९९६ पासून त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे. आम्हाला जी बारीकशी उणीव वाटली असती, ती त्याच्या देशात राजकीय भूमिका ठरू शकते. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "सर, तारा नसेल तर नका लावू."

समोरचे पर्याय

रात्री प्राचार्य मॅडमच्या दालनात बैठक झाली. संस्थेचे अध्यक्षसाहेबही आले.

पहिलाच सूर असा निघाला की आहे तसं राहू द्यावं. कोणीतरी म्हणालं, रस्त्याच्या बाजूने पाहिलं तर तिरंगा बरोबर जागी आहे. मुद्दा पोकळ नव्हता. रांगेला दोन्हीकडून बघणारे होते. पाहुणे प्रवेशद्वारातून रस्त्याने येणार, ध्वजारोहणाला जमलेले लोक मैदानात बसणार. मग रांगेचं तोंड कुठे? संहिता 'समोरचे लोक' म्हणते. सोहळा मैदानात होता, खुर्च्या मैदानात होत्या, म्हणून आम्ही मैदानाची बाजू समोरची मानली. शिवाय रस्त्याची बाजू समोर धरली असती तरी महाविद्यालयाच्या झेंड्याची उंची काही कमी होणार नव्हती.

दुसरा पर्याय, तिरंगा आणि महाविद्यालयाचा झेंडा यांची अदलाबदल. सोपा आणि तासाभरात होणारा. पण त्याने अर्धाच प्रश्न सुटत होता. इतर देशांच्या ध्वजांबरोबर तिरंगा लावताना सगळ्या खांबांची उंची सारखी असावी लागते. शांततेच्या काळात एका राष्ट्राचा ध्वज दुसऱ्याच्या वर लावायचा नाही, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. राष्ट्रांच्या बाबतीत ही काळजी, तर एका संस्थेचा झेंडा नऊ राष्ट्रांहून मीटरभर उंच कसा ठेवायचा? मुळात राष्ट्रध्वजांच्या रांगेत संस्थेच्या झेंड्याला जागाच नाही, असं सरांचं म्हणणं पडलं. दुसरा कोणताही ध्वज तिरंग्याच्या वर किंवा, संहितेने सांगितलेले अपवाद सोडून, त्याच्या शेजारी लावू नये असा नियम आहे. इतर देशांचे आणि संयुक्त राष्ट्रांचे ध्वज त्या अपवादांत येतात. संस्थांचे येत नाहीत.

यावर अध्यक्षसाहेब दुखावले. "आपल्याच अंगणात आपलाच झेंडा बाहेर काढायचा?" त्यांचा तो प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही. तो झेंडा त्यांनी उभारलेल्या संस्थेचा होता, खांब माजी विद्यार्थ्यांच्या प्रेमाचा होता. नियम दाखवून त्यांना गप्प करणं सोपं होतं, आणि ते आम्ही केलं नाही हे बरं झालं.

तिसरा पर्याय सुचला तो कायमच्या ध्वजस्तंभाचा. सगळी रांग तिथे न्यायची आणि तिरंगा त्या बारा मीटरच्या स्तंभावरच ठेवायचा. दिसायला भव्य, पण पाहुण्यांचे झेंडे त्याच्या निम्म्या उंचीवर. ज्यांना मान द्यायला बोलावलं त्यांनाच खाली उभं करणं. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

चौथा सगळ्यांत सुरक्षित होता: बाहेर फक्त कायमचा तिरंगा आणि पाहुण्या देशांचे छोटे झेंडे सभागृहात टेबलांवर. दोघे-तिघे त्याच्या बाजूने होते. चूक होण्यापेक्षा न केलेलं बरं, असा त्यांचा विचार. मी विरोध केला. मुलांना आम्ही शब्द दिला होता, आणि नियम अवघड आहेत म्हणून मान द्यायचाच टाळला तर ते नियम कशासाठी आहेत हेच आपण विसरलो.

पाचवा मार्ग संहितेतच होता. रांग राष्ट्रध्वजाने सुरू करून राष्ट्रध्वजानेच संपवायची मुभा तिने दिली आहे. देशांच्या वर्णक्रमातही राष्ट्रध्वज लावता येतो. वर्णक्रमात आणखी एक लावायचा तर अकरावा खांब लागला असता, तो आमच्याकडे नव्हता. पण दोन्ही टोकांना तिरंगा लावला तर मैदानातून बघा की रस्त्यावरून, मानाच्या टोकाला तिरंगाच दिसतो. त्यासाठी दहाच खांब हवे होते, आणि दहावा महाविद्यालयाच्या झेंड्याखाली उभा होता.

संयुक्त राष्ट्रांचा ध्वजही लावू या, असं एका प्राध्यापकांनी सुचवलं. तो तिरंग्याच्या कोणत्याही बाजूला चालतो. पण कार्यक्रम त्या संघटनेचा नव्हता, म्हणून विषय तिथेच संपला.

काय केलं

निर्णय अध्यक्षसाहेबांनीच दिला, आणि तो पाचवाच होता. त्यांना वळवलं ते सरांच्या एका साध्या वाक्याने: "साहेब, आपण यजमान आहोत. रांगेत आपल्या बाजूने तिरंगा उभा आहेच." मग त्यांनी विचारलं, खांबाचं काय? सात मीटरचा खांब पायाशी एक मीटर कापायचा की दुसरा आणायचा? भेट मिळालेल्या खांबावर करवत चालवायला कोणाचंच मन होईना. शेवटी तो काढून ग्रंथालयाच्या दाराशी, रांगेपासून अगदी वेगळ्या जागी, महाविद्यालयाच्या झेंड्यासह उभा केला. रांगेसाठी सहा मीटरचा दहावा खांब कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी आणून दिला.

पाट्या बदलायला एक दुपार लागली. मैदानातून पाहताना डावीकडून क्रम असा झाला: तिरंगा, भूतान, इथिओपिया, केनिया, नेपाळ, श्रीलंका, टांझानिया, येमेन, झांबिया, तिरंगा.

मापाचा प्रश्न मध्येच उपटला. तिरंग्याचं प्रमाण ३:२. आमचा तिरंगा १३५० बाय ९०० मिलिमीटरचा, संहितेतल्या नऊ प्रमाणित मापांपैकी एक. श्रीलंका आणि इथिओपिया यांच्या ध्वजाचं मूळ प्रमाण २:१, म्हणजे तेवढ्याच उंचीला ते तिरंग्यापेक्षा लांब होतात. पुरवठादाराने सगळे ३:२ मध्येच शिवले होते आणि बहुराष्ट्रीय रांगेत ते चालतं. नेपाळचा ध्वज मात्र दोन त्रिकोणांचा, रुंदीपेक्षा उंच. तो ३:२ च्या चौकटीत बसवायचा म्हणजे मोडायचाच. त्याची काठीलगतची उंची इतरांएवढी, ९०० मिलिमीटर, ठेवली आणि रुंदी त्याच्या मूळ आकाराप्रमाणे राहू दिली. नेपाळच्या मुलींनी तो हातात घेऊन पाहिला आणि मान डोलावली.

इथिओपियाचा योग्य ध्वज पुरवठादाराने पुण्याहून रात्रीच्या बसने पाठवला. तो उद्घाटनाच्या सकाळी सहाला पोचला. आला नसता तर काय करायचं हेही आदल्या रात्री त्या मुलाशी बोलून ठरवलं होतं. खांब रिकामा दिसू नये म्हणून चुकीचा झेंडा लावायचा नाही. उद्घाटन दुपारपर्यंत पुढे न्यायचं.

व्यासपीठावरच्या दोन गोष्टी मी घाईत सांगून टाकतो. वक्त्यांच्या मेजावर तिरंगी कापड अंथरलं होतं, ते काढलं. राष्ट्रध्वज आच्छादन म्हणून वापरता येत नाही आणि त्याच्यासारखं दिसणारं कापड तिथे नको, असं आमचं मत पडलं. आणि व्यासपीठावरचा तिरंगा श्रोत्यांच्या उजवीकडे उभा होता, तो वक्त्याच्या उजवीकडे आणला. तीच चूक, त्याच कारणाने.

ध्वजारोहणाची तालीम दोनदा घेतली. तिरंगा सर्वांत आधी चढतो आणि सर्वांत शेवटी उतरतो. आम्ही दोन्ही टोकांचे तिरंगे एकाच वेळी चढवले आणि ते वर पोचल्यावर बाकीच्या आठ दोऱ्या ओढल्या. प्रत्येक झेंड्याची दोरी त्याच देशाच्या विद्यार्थ्याच्या हाती होती. पहिल्या तालमीत टांझानियाची मुलगी अर्ध्यातच थांबली. तिच्या झेंड्यात हिरवा खाली आला होता. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा हवा, त्यावरून तिला लगेच कळलं. आमच्यापैकी कोणालाही कळलं नसतं. झेंडा दोरीला बांधताना वरची-खालची बाजू ओळखण्याची खूणच आम्ही केलेली नव्हती. त्या रात्री मामांनी प्रत्येक झेंड्याच्या काठीकडच्या शिवणीत वरच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घातला.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर नागरिकांना उघड्यावर तिरंगा दिवसरात्र फडकवता येतो. तरी रांग रोज सूर्यास्ताला उतरवायचं आम्ही ठरवलं. पाहुण्या देशांचे रिवाज आम्हाला पक्के ठाऊक नव्हते, आणि रात्री दहा झेंड्यांवर लक्ष ठेवायला माणूस नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळचा पेच

संमेलनाच्या तिसऱ्या संध्याकाळी रांग उतरवून झाल्यावर बातमी आली. देशातल्या एका ज्येष्ठ नेत्याचं निधन झालं होतं आणि राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला होता. जिथे राष्ट्रध्वज नियमित फडकतो अशा सर्व इमारतींवर तो अर्ध्यावर ठेवायचा होता. आमच्या कायमच्या स्तंभाला हे सरळ लागू होतं. रांगेचं काय?

या प्रश्नाची तयारी आम्ही केलीच नव्हती. रांगेतले तिरंगे अर्ध्यावर आणि आठ पाहुणे पूर्ण उंचीवर ठेवले, तर आपला ध्वज त्यांच्याखाली. सगळेच अर्ध्यावर आणले, तर दुसऱ्या देशाच्या वतीने शोक आपण जाहीर केल्यासारखं. तो अधिकार आपला नाही. सगळे पूर्ण उंचीवर ठेवले तर दुखवट्याचा अवमान.

रात्री नऊ वाजता आठही देशांच्या मुलांना बोलावलं आणि तिन्ही वाटा त्यांच्यापुढे मांडल्या. चौथी वाट केनियाच्या मुलाने सुचवली: उद्या रांग चढवायचीच नाही. कायमच्या स्तंभावरचा एकच तिरंगा अर्ध्यावर राहील आणि आम्ही सगळे त्याच्यासमोर उभे राहू. त्याला सगळ्यांनी होकार दिला. सांस्कृतिक संध्याकाळही रद्द झाली.

सकाळी मामांनी तिरंगा आधी स्तंभाच्या टोकापर्यंत नेला, क्षणभर थांबून अर्ध्यावर आणला. हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी मात्र एनसीसीच्या एका नव्या मुलाने अर्ध्यावरूनच सरळ खाली ओढायला सुरुवात केली. मामांनी दोरी धरली. उतरवण्याआधी तो पुन्हा टोकापर्यंत न्यायचा असतो. हातभर खाली आला असेल, तेवढाच.

परिणाम

कोणाची तक्रार आली नाही, वर्तमानपत्रात चुकीचा फोटो छापून आला नाही. उद्घाटनाला आलेल्या एका निवृत्त सैन्याधिकाऱ्यांनी दोन टोकांचे दोन तिरंगे पाहून विचारलं, "हे मुद्दाम?" सरांनी नियम सांगितला, तेव्हा ते रस्त्याच्या बाजूला जाऊन तिथूनही पाहून आले.

एक आक्षेप राहिला. कायमच्या स्तंभावरचा तिरंगा रांगेतल्या झेंड्यांपेक्षा उंच होता, ते योग्य का, असं एका सहकाऱ्याने विचारलं. रांग त्या स्तंभापासून मैदानभर लांब होती, दोन्ही एका नजरेत येत नव्हते, म्हणून आम्ही त्या दोन वेगळ्या जागा मानल्या. मला हा निर्णय पटतो. पण अंतर कमी असतं तर पटला नसता.

काहींना राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानासंबंधीच्या १९७१ च्या कायद्याची भीती वाटत होती. त्यात तीन वर्षांपर्यंतची कैद आहे, पण तो जाणूनबुजून केलेल्या अपमानासाठी आहे. खांबाचं टोक चुकलं म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तिरंगा सन्मानाने फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. तो हक्क हाती आल्यावर मधल्या चुका आपल्याच डोळ्यांनी शोधाव्या लागतात, आणि आमच्या बऱ्याच चुका उद्घाटनाआधी सापडल्या त्या विद्यार्थ्यांमुळे.

पुन्हा करायचं झालं तर

कंत्राटदाराला शब्दांत काही लिहून देणार नाही, चित्र देईन. बघणारे कुठे बसले आहेत ते दाखवणारं, आणि तिरंग्याच्या खांबावर बाण असलेलं.

खांब रोवण्याआधी रांगेचं तोंड ठरवेन. आमच्याकडे ती चर्चा खांब काँक्रीटमध्ये उभे राहिल्यावर झाली.

संस्थेच्या झेंड्याची जागा पहिल्याच बैठकीत, अध्यक्षसाहेब समोर असताना ठरवेन. शेवटच्या क्षणी बाहेर काढल्यावर जे वाईट वाटतं, ते आधीच मानाची वेगळी जागा दिली तर वाटत नाही. ग्रंथालयाच्या दाराशी तो झेंडा आज शोभून दिसतो. तो तिथे पहिल्यापासून असायला हवा होता.

दुखवट्याचं काय करायचं तेही आधीच लिहून ठेवेन, आणि दोरी धरणाऱ्या प्रत्येक मुलाकडून अर्ध्यावरचा तिरंगा चढवण्याची आणि उतरवण्याची तालीम करून घेईन.

आणि झेंडे दोन आठवडे आधी मागवेन. गाठोडं आलं की ते आधी त्या त्या देशाच्या विद्यार्थ्याच्या हातात देईन, आणि वरच्या टोकाचा पांढरा टाका त्यालाच घालायला सांगेन.